काचांना फिल्म लावण्याआधी: वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदरात गाडीच्या काचांचे प्रश्न वाढतात. यंदा निवडलेले प्रश्न ठाणे आणि नवी मुंबईतले आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न: नवी गाडी बुक केली आहे. शोरूमच्या अ‍ॅक्सेसरीजच्या यादीत ‘आरटीओ मान्य ७० टक्के फिल्म’ असं छापलेलं आहे. सेल्समन म्हणतो, पोलीस काही म्हणत नाहीत. घ्यावी का?
(कासारवडवली, ठाणे)

उत्तर: आरटीओ फिल्मच्या कुठल्याही ब्रँडला किंवा नंबरला मान्यता देत नाही. यादी दाखवणाऱ्याला एवढंच विचारा की मान्यतेचं पत्र कुठे आहे. बहुधा फिल्म कंपनीचा स्वतःचा चाचणी अहवाल पुढे केला जाईल. फिल्ममधून किती प्रकाश आरपार जातो, इतकंच त्यात असतं. तुमच्या गाडीच्या काचेबद्दल त्यात एक अक्षर नसतं.

कायदा समजायला थोडं मागे जावं लागतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के दृश्य प्रकाश आरपार गेला पाहिजे. याला व्हीएलटी म्हणतात. हे आकडे वाचून लोक ७० आणि ५० नंबरच्या फिल्म लावत राहिले. मग २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर निकाल दिला. त्यात म्हटलं की काच कारखान्यातूनच या मर्यादेत तयार होऊन आली पाहिजे. वरून चिकटवलेली काळी फिल्म कितीही व्हीएलटीची असो, किंवा दुसरं कुठलं साहित्य असो, चालणार नाही. ४ मे २०१२ पासून ही बंदी लागू झाली. सवलत फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांच्या गाड्यांसाठी ठेवली गेली. फिल्म नक्की किती टक्क्यांची आहे हे रस्त्यावरच्या पोलिसाला जागेवर मोजता येत नाही, ही त्यामागची एक व्यावहारिक अडचण होती.

पुढे नियमात बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लास’ बरोबर ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा प्रकारही नियमात आला आणि त्यात आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काच बसते. याच बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. दुकानदार हल्ली हाच निकाल मोबाइलवर दाखवतात. पण तो केरळच्या यंत्रणेवर बंधनकारक आहे. माजिवडा नाक्यावर किंवा पाम बीच रस्त्यावर उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाला तो बांधत नाही आणि तिथे त्याच्याशी वाद घालून काही हाती लागत नाही.

दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली होतो. पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या प्रत्येक वेळी १,५०० रुपये. चलान भरलं म्हणजे फिल्म ठेवायची परवानगी मिळाली, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं काही नाही. फिल्म काचेवर आहे तोवर पुन्हा चलान येऊ शकतं आणि पोलीस ती तिथल्या तिथे काढायलाही लावतात. म्हणजे ५०० रुपयांबरोबर फिल्मचे सगळे पैसे गेले.

आमचं मत विचाराल तर शोरूमच्या पॅकेजमधून ही ओळ खोडायला सांगा आणि तेवढी रक्कम कमी करून घ्या. त्याऐवजी हव्या त्या व्हेरिएंटला कारखान्यातूनच ‘यूव्ही कट’ किंवा ‘सोलर कंट्रोल’ काचा येतात का, ते माहितीपत्रकात पाहा. काही मॉडेलमध्ये त्या फक्त वरच्या व्हेरिएंटला असतात, काहींत फक्त पुढच्या दारांना. अशा काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचं नाव, आयएसआय चिन्ह आणि आयएस २५५३ हा मानक क्रमांक कोरलेला असतो. तो काचेतच असल्याने कुणी अडवलंच तर बोटाने दाखवता येतो.

प्रश्न: धोका माहीत आहे, तरी बाजूच्या काचांना हलकी फिल्म लावायची आहे. ७० टक्क्यांची फिल्म लावली तर ५० टक्क्यांची अट सहज पाळली जाईल ना?
(कोपरखैरणे)

उत्तर: सहज नाही. थोडक्यात सुटेल, किंवा थोडक्यात चुकेल.

नियमातला आकडा काच आणि फिल्म मिळून होणाऱ्या प्रकाशाचा आहे. गाडीची काच मुळातच शंभर टक्के प्रकाश सोडत नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या काचा हलक्या हिरवट असतात आणि त्यांचं व्हीएलटी साधारण ७० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान भरतं. त्यावर फिल्म आली की दोन्ही टक्केवारींचा गुणाकार करायचा. काच ७५ टक्के आणि फिल्म ७० टक्के असेल तर ०.७५ गुणिले ०.७०, म्हणजे ५२.५ टक्के. काच ७२ असेल तर ५०.४. काच ७० असेल तर ४९, म्हणजे नियमाच्या खाली. तीच फिल्म, तेच दुकान, फक्त गाडी वेगळी, आणि एक पास तर दुसरी नापास.

हाच हिशेब मागच्या काचेला लावून पाहा. तिला मर्यादा ७० टक्क्यांची आहे. ७४ टक्क्यांच्या काचेवर ९० टक्क्यांची जवळजवळ अदृश्य फिल्म लावली तरी ६६.६ टक्केच उरतात. लोक सगळ्यात गडद फिल्म मागच्या काचेला लावतात आणि नियम सगळ्यात कडक तिथेच आहे! पुढच्या काचेचंही असंच. ७६ टक्क्यांच्या काचेवर ९० ची फिल्म लावली की ६८.४ टक्के होतात. म्हणून केरळचा निकाल धरून चाललं तरी पुढची आणि मागची काच बहुतेक गाड्यांत हिशेबातच बसत नाही. प्रश्न उरतो तो बाजूच्या काचांचा.

फिल्मच्या नावातल्या आकड्यावरही फार विसंबू नका. नाव ७० असतं आणि माहितीपत्रकात ६८ किंवा ७२ लिहिलेलं असतं. शिवाय तो आकडा नुसत्या फिल्मचा आहे की साध्या पारदर्शक काचेवर लावून मोजलेला, हे कंपनीगणिक बदलतं. म्हणून दुकानात मोजून घ्यायचं ते असं. मागच्या दाराची काच अर्धी खाली घ्यायला सांगा आणि ती धुऊन कोरडी करा. धूळ बसलेली काच दोन-चार टक्के सहज कमी दाखवते. टिंट मीटरचे (काचेतून किती प्रकाश जातो ते मोजणाऱ्या यंत्राचे) दोन भाग काचेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवून नुसत्या काचेचा आकडा घ्या. मग फिल्मच्या तुकड्याचं संरक्षक अस्तर काढून तो साबणाच्या पाण्याने त्याच काचेवर चिकटवा, रबरपट्टीने पाणी काढा आणि पुन्हा मोजा. कोरडा तुकडा काचेसमोर नुसता धरून मोजलात तर मधल्या हवेच्या फटीमुळे आकडा खरा येत नाही. मीटरमध्येही एक-दोन टक्क्यांचा फरक असतो, त्यामुळे ५४ किंवा ५५ च्या खाली आकडा आला तर ती फिल्म सोडा.

पुढची दोन दारं आणि मागची दोन दारं वेगवेगळी मोजा. काही गाड्यांत पुढे लॅमिनेटेड (मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) आणि मागे टेंपर्ड (तापवून कडक केलेली एकसंध) काच असते आणि दोघींचा आकडा जुळत नाही. ज्या दुकानात मीटरच नाही तिथे हे काम देऊ नये.

प्रश्न: दुकानदाराने दिव्यासमोर दोन फिल्म धरून दाखवल्या. साध्या फिल्ममागे हात भाजला, सिरॅमिकमागे काहीच जाणवलं नाही. ‘९७ टक्के उष्णता अडवते’ म्हणाला. सिरॅमिक महाग आहे. फरक खरंच इतका असतो का?
(खारघर)

उत्तर: फरक असतो, पण दिव्यासमोर दिसतो तितका नाही.

दुकानातला तो लाल दिवा जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त किरणांत सोडतो. उन्हाचं तसं नाही. जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत निम्म्याहून थोडी जास्त अवरक्त, चाळीस-पंचेचाळीस टक्के दृश्य प्रकाश आणि उरलेली चार-पाच टक्के अतिनील असते. पारदर्शक फिल्मने दृश्य प्रकाश आत सोडायचाच असतो, त्यामुळे त्याबरोबरची उष्णता आत येणारच. ९७ हा आकडा आयआरआर, म्हणजे अवरक्त किरण किती अडले, या नावाने लिहितात. तो बरेचदा ९०० ते १,००० नॅनोमीटर एवढ्याच अरुंद पट्ट्यात मोजलेला असतो, तर उन्हातले अवरक्त किरण ७८० पासून २,५०० नॅनोमीटरपर्यंत पसरलेले असतात.

तुम्ही विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे सगळ्या सौर ऊर्जेपैकी किती बाहेर राहिली ते. ७० च्या आसपासच्या चांगल्या सिरॅमिक फिल्मचं टीएसईआर साधारण ४० ते ५० टक्के असतं. साध्या रंगीत, म्हणजे डाईड फिल्मचं त्याहून बरंच कमी. त्यातही एक वजाबाकी करायची राहते. साध्या पारदर्शक काचेचंच टीएसईआर १५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि तुमच्या हिरवट काचेचं त्याहून जास्त. छापलेल्या आकड्यात काचेचाही वाटा मोजलेला असतो, निव्वळ फिल्मची कमाई तेवढी नसते.

दिव्याचा खेळ पुन्हा पाहायचाच असेल तर हात दहा सेकंदांत काढू नका, दोन-तीन मिनिटं ठेवा. ज्या फिल्म उष्णता परतवण्याऐवजी शोषतात त्या तोवर स्वतः तापतात आणि आतल्या बाजूलाही उष्णता टाकायला लागतात. धावत्या गाडीत बाहेरचा वारा काच थंड करतो, त्यामुळे हा तोटा कमी होतो. गाडी उभी असली की होत नाही. एपीएमसीच्या उघड्या पार्किंगमध्ये दुपारभर उभी राहिलेली गाडी फिल्म असली तरी तव्यासारखी तापते, कारण छप्पर आणि पुढची मोठी काच उघडीच असते. फिल्मचा फायदा जाणवतो तो गाडी सुरू केल्यानंतर. बाजूने येणारं ऊन हाताला चटका देत नाही आणि एसी लवकर पकड घेतो.

प्रकारांबद्दल थोडं. डाईड फिल्म स्वस्त असते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत जांभळट पडायला लागते. मेटलाइज्ड फिल्म उष्णता बरी अडवते, पण तिच्यातल्या धातूच्या थरामुळे रेडिओ लहरी अडतात, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. कार्बन फिल्म मधल्या दर्जाची. सिरॅमिकमध्ये धातू नसतो आणि रंग टिकतो. बहुतेक नामांकित कंपन्या ‘९९ टक्के अतिनील रोखते’ असं लिहितात आणि ते बहुधा खरं असतं, पण डाईडपासून सिरॅमिकपर्यंत सगळ्यांवर तेच छापलेलं असल्याने निवड करायला त्याचा उपयोग नाही. परदेशीच घ्यावी असंही नाही. गरवारेची फिल्म छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला बनते आणि बाहेरच्या देशांत जाते.

एक गोष्ट फारसं कुणी विचारत नाही. रात्री ती फिल्म कशी दिसते? माहितीपत्रकात ‘हेझ’, म्हणजे धूसरपणा, हा आकडा शोधा. तो जितका कमी तितकी काच स्वच्छ. दोन टक्क्यांच्या वर गेलेली फिल्म समोरून दिवे आले की दुधाळ दिसते. दुकानदाराच्या स्वतःच्या गाडीला तीच फिल्म असेल तर संध्याकाळी जाऊन आत बसून पाहा, विशेषतः बाजूच्या आरशाकडे. पावसात रात्री मुंब्रा बायपासवर लेन बदलताना काम पडतं ते याच काचेतून दिसणाऱ्या आरशाचं.

प्रश्न: मी रोज उलव्याहून अटल सेतूने शिवडीला जातो. पुढच्या काचेला पारदर्शक फिल्म लावली तर फास्टॅग चालेल का? गाडीला आरशामागे कॅमेराही आहे.
(उलवे)

उत्तर: पुढच्या काचेला लावू नका, हे पहिल्या दोन उत्तरांत आलंच आहे. तांत्रिक कारणंही आहेत.

फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. टोल नाक्यावरच्या अँटेनाकडून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी येतात, त्यांच्याच जोरावर तो उत्तर देतो. मध्ये धातूचा थर आला तर लहर क्षीण होते आणि गाडी बूम बॅरिअरसमोर अडकते. ऐरोली, वाशी, मुलुंडच्या नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाल्यापासून अनेकांना टॅग वाचला जात नाही हे लवकर कळतच नाही. ते कळतं अटल सेतूवर किंवा द्रुतगती महामार्गावर, मागे रांग लागलेली असताना. सिरॅमिकमध्ये ही अडचण येत नाही, पण बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून मेटलाइज्डही खपते. ओळखायची सोपी खूण: बाहेरून तिरकं पाहिलं तर मेटलाइज्ड फिल्मला आरशासारखी झाक येते.

दुसरी गोष्ट, टॅग काचेला आतून चिकटवलेला असतो. फिल्म लावायची तर तो काढावा लागतो, आणि एकदा उचकटलेला फास्टॅग पुन्हा चालत नाही. तो तसाच बनवलेला आहे, एका गाडीवरून दुसरीवर जाऊ नये म्हणून. बँकेकडून बदली टॅग घ्यावा लागतो.

कॅमेऱ्याचं प्रकरण त्याहून नाजूक. लेन आणि पुढची गाडी ओळखणारा कॅमेरा काचेच्या विशिष्ट तुकड्यातून पाहतो. त्यावर फिल्मची कड, पाण्याचा डाग किंवा थोडासा धूसरपणा आला तर यंत्रणा चुकीचा इशारा देते किंवा बंद पडते. पावसाचा सेन्सर काचेला जेलच्या चकतीने जोडलेला असतो. तो सुटला आणि परत बसवताना हवा राहिली तर वायपर मनाला येईल तेव्हा चालतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये या जागेवर काही चिकटवू नका असं लिहिलेलं असतं. ते पान उघडून पाहा.

आणि पाणी. पुढच्या काचेला फिल्म बसवताना वापरलेलं साबणाचं पाणी ओघळून डॅशबोर्डमध्ये उतरतं. तिथे पडदा, स्पीकर, वायरींचे कनेक्टर असतात. बिघाड त्याच दिवशी दिसेल असं नाही. ओलसर कनेक्टर गंजायला आठवडे लागतात आणि तोवर फिल्मवाल्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

प्रश्न: पावसाळ्यात फिल्म लावणं टाळावं का? काम नीट झालं की नाही ते कसं ओळखायचं?
(कळवा)

उत्तर: जमलं तर टाळा. फिल्म पाण्यावर सरकवून बसवतात आणि मग रबरपट्टीने पाणी बाहेर काढतात. तरी थोडं पाणी मागे राहतंच. ते फिल्ममधून हळूहळू उडून जातं आणि मगच गोंद काचेला पूर्ण धरतो. उन्हाळ्यात याला तीन-चार दिवस लागतात. जुलैमधल्या ठाण्याच्या हवेत आठवडा लागतो, आणि काच धूसर दिसणं पूर्ण थांबायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात.

या काळात काच खाली करायची नाही. खालच्या रबरात अडकून फिल्मची कड दुमडते आणि मग ती बसत नाही. ड्रायव्हरच्या दारावरचं विंडो लॉकचं बटण दाबून ठेवा आणि ड्रायव्हरच्याच काचेच्या बटणावर चिकटपट्टी लावा. सोसायटीच्या गेटवर रखवालदाराशी बोलताना हात सवयीने तिकडेच जातो.

काम देण्यापूर्वी जागा पाहा. रस्त्यालगत, शटर उघडं, बाहेरून डंपर जातायत, अशा ठिकाणी फिल्मखाली धूळ अडकणारच. घोडबंदर रस्त्यालगतच्या कुठल्याही उघड्या दुकानाला हे लागू आहे. बंद जागा हवी, खाली ओली केलेली फरशी हवी आणि पंखा बंद हवा. फिल्म गाडीच्या मापाने मशीनवर कापून येते की काचेवरच ब्लेडने कापतात, तेही विचारा. ब्लेडने कापताना काचेवर ओरखडे पडतात आणि ते नंतर निघत नाहीत. दाराच्या काचेला फिल्म खालच्या रबराच्या आत चार-पाच मिलिमीटर गेली पाहिजे, वर आणि बाजूला एक-दोन मिलिमीटरची सारखी फट राहिली पाहिजे. दारांच्या स्विचवर आणि स्पीकरवर टॉवेल टाकायला सांगायला लाजू नका.

गाडी ताब्यात घेताना काचेमागे ऊन येईल अशी उभी करून पाहा. पहिल्या दिवसांत धूसरपणा आणि पाण्याचे चपटे, बोटाने दाबले की हलणारे फुगे चालतात. ते जातात. न चालणाऱ्या गोष्टी म्हणजे मधोमध कण असलेला टणक फुगवटा (खाली धूळ आहे, ती आपोआप जाणार नाही), तीक्ष्ण दुमड, कडेला बोटांसारख्या उठलेल्या रेषा आणि वाकडी कापलेली कड. हे असेल तर त्या काचेची फिल्म नवीन लावून घ्यायची. सुई टोचून फुगा बसवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

मागच्या काचेच्या कडेला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते. ठिपके किंचित उंच असल्याने तिथे फिल्म पूर्ण टेकत नाही आणि पांढुरकी रेघ दिसते. हा कामाचा दोष नाही, पण आधी न सांगितल्याने भांडणं होतात.

साफसफाई दोन आठवड्यांनी. मऊ मायक्रोफायबर कापड आणि पाणी पुरतं. अमोनिया असलेला काच साफ करायचा स्प्रे वापरू नका, त्याने डाईड फिल्मचा रंग जातो.

प्रश्न: जुनी गाडी घेतली, तिला काळी फिल्म आहे. काढायला गॅरेजवाला म्हणतो ब्लेडने खरडून टाकू. मागच्या काचेवर डिफॉगरच्या (काच गरम करून वाफ घालवणाऱ्या) रेषा आहेत.
(सीवूड्स)

उत्तर: मागच्या काचेला ब्लेड अजिबात लावू देऊ नका. त्या तपकिरी रेषा काचेच्या आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या असतात आणि फिल्म थेट त्यांच्यावर चिकटलेली असते. एक रेषा जरी तुटली तरी ती पूर्ण ओळ गरम होत नाही, आणि पावसाळ्यात मागचं दिसायला नेमकी तीच लागते. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही तिथेच किंवा मागच्या छोट्या काचेवर छापलेली असते.

बरी पद्धत वाफेची. स्टीमरने बाहेरून आणि आतून काच गरम करून फिल्मचा एक कोपरा सोडवायचा आणि रेषांच्या दिशेने, म्हणजे आडवी, सावकाश ओढायची. काचेशी जवळजवळ समांतर. घाई केली की फिल्मचा वरचा थर निघून येतो आणि गोंद मागे राहतो. तसं झालं तर गोंदावर साबणाचं कोमट पाणी मारून वर प्लास्टिक अंथरायचं, अर्धा तास भिजू द्यायचं आणि मऊ कापडाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने, तेही रेषांच्याच दिशेने, काढायचं. बाजूच्या काचांवर रेषा नसतात, तिथे प्लास्टिकची धार चालते. हीट गन एकाच जागी धरून ठेवू नये, पुढच्या लॅमिनेटेड काचेवर तर नाहीच. एका ठिकाणी तापलेली काच तडकते.

काम सुरू करण्याआधी आणि झाल्यावर डिफॉगर दहा मिनिटं चालू ठेवून काचेवर फुंकर मारून पाहा. वाफ पट्ट्यापट्ट्यांनी विरली पाहिजे. आधीच बंद असलेली रेषा नंतर गॅरेजवाल्याच्या माथी मारली जाऊ नये, हाही त्यात हेतू आहे.

गाडी तुमच्या नावावर होण्यापूर्वी तिच्यावरची थकलेली ई-चलानं पाहून घ्या. काळ्या फिल्मच्या गाडीवर ती असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: आईला त्वचेचा त्रास आहे, डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय. प्रमाणपत्र दाखवून फिल्म लावता येईल का? नाहीतर जाळीचे पडदे?
(नेरूळ)

उत्तर: नियम १०० मध्ये वैद्यकीय प्रमाणपत्राची सोय नाही. पोलिसाने समजून घेतलं तर ती त्याची माणुसकी.

पुढची लॅमिनेटेड काच मधल्या प्लास्टिकच्या थरामुळे जवळजवळ सगळे यूव्हीए (अतिनीलचा एक प्रकार) किरण अडवते. बाजूच्या साध्या टेंपर्ड काचेतून त्यातले काही आत येतात. त्रास आहे तो बाजूने. पूर्ण बाह्यांचे कपडे, सनस्क्रीन आणि बसायची जागा यांनी बरंच साधतं. पाम बीचवरून सकाळी बेलापूरकडे जाताना ऊन डावीकडून येतं आणि संध्याकाळी वाशीकडे परतताना पुन्हा डावीकडूनच, कधी तिरकं समोरून. आईंना ड्रायव्हरच्या मागे बसवा. गाडी बदलायचा विचार असेल तर यूव्ही कट काचांचं मॉडेल पाहा.

काचेला चिकटणारे जाळीचे पडदे चालत्या गाडीत नकोत, कारण २०१२ च्या आदेशात काचेवरच्या इतर साहित्याचाही उल्लेख आहे आणि त्याखाली अडवलं जातं. गाडी उभी असताना ते आणि पुढच्या काचेमागचा चंदेरी पडदा खुशाल वापरा. उभ्या गाडीसाठी त्या पडद्याइतकं स्वस्त आणि कामाचं दुसरं काही नाही.

प्रश्न: पिवळ्या पाटीच्या गाडीला नियम वेगळा आहे का?
(पनवेल)

उत्तर: काचेचा नियम तोच. फरक एवढाच की तुम्हाला ठराविक मुदतीने फिटनेससाठी गाडी न्यावी लागते आणि तिथल्या तपासणीत काचाही येतात. फिल्म काढूनच न्यावी लागेल, मग लावायचीच कशाला?

प्रश्न: बिलावर काय लिहून घ्यावं? वॉरंटी दहा वर्षांची म्हणतात. आणि काच फुटली तर विमा फिल्मचे पैसे देतो का?
(वागळे इस्टेट, ठाणे)

उत्तर: बिल जीएसटीचं, आणि त्यावर कंपनीचं नाव, फिल्मचं पूर्ण नाव व नंबर, रोलचा क्रमांक, कुठल्या काचांना लावली, गाडीचा नंबर, आणि दुकानात मोजलेलं व्हीएलटी, आधीचं आणि नंतरचं. वॉरंटी कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या गाडीच्या नंबरने नोंदली गेली की नाही, ते दुकानातच उभं राहून पाहा. दुकानाच्या लेटरहेडवरची वॉरंटी दुकान असेपर्यंतच.

वॉरंटीत रंग उडणं, सुटणं, फुगे येणं हे असतं. ओरखडे नसतात, चलान नसतं, पोलिसांनी काढायला लावलेली फिल्म तर नसतेच. मजुरी कोण देणार हे वेगळं विचारा, कारण काही कंपन्या फक्त फिल्म बदलून देतात आणि जुनी काढायचे पैसे दुकान मागतं.

विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, साध्या पॉलिसीतसुद्धा. पण मिळतात ते काचेचे पैसे. वरून लावलेली फिल्म अ‍ॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंदलेली नसेल तर नव्या काचेवर ती पुन्हा स्वतःच्या खर्चाने लावावी लागते, आणि एकाच काचेची फिल्म लावायची असली तरी दुकानं बरेचदा एका काचेच्या हिशेबापेक्षा जास्त घेतात. बिल घेताना सुट्या काचेचा दरही त्याच कागदावर लिहून घ्या.